सिम्युलेशनमध्ये ट्यूबलाइट नसते

२०२० मध्ये प्रयोगशाळा बंद झाल्या आणि आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी इलेक्ट्रॉनिक्सची सगळी प्रात्यक्षिकं संगणकावर केली. सिम्युलेटर उघडायचा, चिन्हं ओढून आणायची, तारा जोडायच्या, बटण दाबलं की आलेख समोर. पुढे ही मुलं प्रत्यक्ष प्रयोगशाळेत आली तेव्हा ऑप-अँपच्या, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या आयसीच्या, गेनचं (सिग्नल किती पट वाढतो त्याचं) सूत्र त्यांना तोंडपाठ होतं आणि नको त्या वारंवारता अडवणाऱ्या फिल्टरचा आलेख नुसत्या नजरेने वाचता येत होता. पण ब्रेडबोर्डवरची, म्हणजे डाग न देता सर्किट जोडायच्या पाटीवरची, कोणती छिद्रं आतून एकमेकांना जोडलेली असतात, हे ठाऊक नव्हतं. करंट मोजताना मीटर सर्किटमध्ये सिरीजमध्ये घालायचा असतो, हे उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहिणारी मुलं मीटर सरळ सप्लायच्या दोन टोकांना लावत होती. फ्यूजवर फ्यूज उडत होते. मुलांना मी बोल लावला नाही. हाताने करायची गोष्ट त्यांच्या हाताला कुणी दाखवलीच नव्हती.

विभागात तेव्हा दोन मतं होती. काहींचं म्हणणं, झालं ते झालं, आता सिम्युलेटर बंद आणि जुनी प्रात्यक्षिकं पुन्हा सुरू. बाकीच्यांचं म्हणणं, पडद्यावर इतकं स्वच्छ दिसतं तर उपकरणांवर पैसे घालायचे कशाला? मला दोन्ही पटत नव्हतं. प्रात्यक्षिकाची फेरमांडणी माझ्याकडे आली आणि पुढच्या सत्रांमध्ये जे घडत गेलं ते इथे लिहिते आहे. अशा फेरमांडणीला हात घालणाऱ्या दुसऱ्या कुणाला त्याचा उपयोग व्हावा.

जुनी पद्धत मी विद्यार्थिनी म्हणूनही अनुभवली आहे आणि शिक्षिका म्हणूनही. तयार किट, त्यावर छापलेली आकृती, चार पॅच कॉर्ड, निरीक्षणतक्ता. उत्तर काय यायला हवं हे आधीच माहीत. मग रीडिंग जुळवली जातात. मुलं तक्ता उत्तराकडून सुरू करून रीडिंगकडे भरत जातात आणि वही पूर्ण होते. नताशा होम्स आणि कार्ल वायमन यांनी वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळा तपासून २०१७ मध्ये दाखवून दिलं, की वर्गात शिकवलेलं पक्कं व्हावं म्हणून जी प्रात्यक्षिकं घेतली जातात, त्यांचा परीक्षेतल्या गुणांवर मोजता येण्याजोगा फरक पडत नाही. वाचून वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. ज्या प्रयोगात मुलाला एकही निर्णय घ्यावा लागत नाही, त्यात त्याचं डोकं कशाला चालेल?

उलट बाजूचा पुरावाही माझ्यापुढे होता. वायमन यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं २००१ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात फेट हा सिम्युलेशनचा प्रकल्प सुरू केला. त्यातलं विद्युतमंडलाचं सिम्युलेशन वापरून नोआ फिंकेलस्टाईन आणि सहकाऱ्यांनी एक तुलना केली, ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. काही विद्यार्थ्यांनी बल्ब, बॅटरी आणि तारा प्रत्यक्ष हाताळल्या, काहींनी तेच काम पडद्यावर केलं. संकल्पनांच्या प्रश्नांत पडद्यावाले पुढे निघालेच, पण नंतर खरं सर्किट जोडून ते समजावून सांगण्यातही तेच सरस ठरले. पडद्यावर इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. टेबलावरच्या तारेत काहीच दिसत नाही. म्हणजे सिम्युलेटर हाकलून देण्यात काहीच शहाणपण नव्हतं. प्रश्न होता क्रमाचा, आणि पडदा व टेबल यांच्या मधल्या जागेचा.

त्या मधल्या जागेवरच मी सगळं सत्र उभं केलं. ठरवलं असं: सुट्या सुट्या प्रयोगांऐवजी संपूर्ण सत्रात एकच वस्तू घडवायची, बोटावरून नाडी मोजणारं यंत्र. प्रत्येक टप्प्याला आधी कागदावर अंदाज, मग सिम्युलेशन, मग ब्रेडबोर्ड, मग मोजमाप. आणि त्यानंतर वहीत एक वेगळं पान, त्याला आम्ही 'तफावतीचं पान' म्हणू लागलो. सिम्युलेशनने काय सांगितलं, टेबलावर काय आलं, दोन्हीत फरक का पडला. गुण मुख्यतः या पानाला. आकडे जुळले तर उत्तम, पण जुळले नाहीत आणि कारण शोधून पुराव्यानिशी मांडलं तर तितकेच गुण. हे जाहीर केल्याबरोबर रीडिंग जुळवणं बंद झालं. त्यासाठी कुणाला रागवावं लागलं नाही.

पहिल्या आठवड्यांत फारसं काही सांगण्यासारखं नाही. पाच-पाच छिद्रांच्या पट्ट्या, कडेच्या सप्लायच्या रेघा, रेझिस्टरचे रंग, सोनेरी पट्टी म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे. एक गोष्ट मात्र प्रत्येक बॅचला हमखास भेटते. काही ब्रेडबोर्डवर कडेची सप्लायची रेघ मधोमध तुटलेली असते. वरच्या अर्ध्यात पाच व्होल्ट, खालचा अर्धा मेलेला. सर्किट बरोबर, जोडणी बरोबर, तरी काही चालत नाही. मी हे आधी सांगत नाही. मल्टिमीटर घेऊन छिद्रागणिक शोधत गेलेलं मूल पुढे कधीच 'सप्लाय दिलाय ना?' या प्रश्नाला नुसतं 'हो' म्हणत नाही, मोजून सांगतं.

खरा रस सुरू झाला तो ऑप-अँपपाशी. नाडीच्या यंत्राचं तत्त्व सोपं आहे. बोटाच्या एका बाजूला लाल एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारा फोटोट्रान्झिस्टर. आम्ही दोन्ही कपड्यांच्या चिमट्याला चिकटवले. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासोबत बोटातलं रक्त किंचित वाढतं, प्रकाश किंचित कमी पोचतो. किंचित म्हणजे किती? एकूण प्रकाशाच्या एक-दोन टक्के. सिग्नल वाचायला घेतलेल्या आर्डुइनो ऊनो या छोट्या बोर्डमधला, व्होल्टेजचे आकडे करणारा कन्व्हर्टर दहा बिटांचा, म्हणजे पाच व्होल्टचे १०२४ भाग, एक भाग साधारण ४.९ मिलिव्होल्ट. दोन व्होल्टच्या सिग्नलमध्ये एक-दोन टक्के म्हणजे वीस ते चाळीस मिलिव्होल्ट. पडद्यावर नाडी दिसते ती चार ते आठ पायऱ्यांच्या ओबडधोबड जिन्यासारखी. हा हिशेब मुलांनी कागदावर आधी केला होता, तरी तो जिना स्वतःच्या बोटावरून उमटलेला पाहिल्यावर अँप्लिफायर कशाला लागतो हे मला सांगावं लागलं नाही.

सिम्युलेटरवर अँप्लिफायर पहिल्या फटक्यात चालला. ब्रेडबोर्डवर एकाही गटाचा चालला नाही. "मॅडम, सिम्युलेशनमध्ये येतंय, इथे आउटपुटच नाही." टेबलाजवळ जाऊन पाहिलं तर आयसीच्या सातव्या आणि चौथ्या पायाला काहीच जोडलेलं नव्हतं. मुलांनी सिम्युलेटरमध्ये 'आदर्श' ऑप-अँप घेतला होता आणि त्या चिन्हाला सप्लायचे पायच नसतात. दोन इनपुट, एक आउटपुट, संपलं. जे पडद्यावर दिसत नाही ते टेबलावरही लागत नाही, असा समज होणं अगदी स्वाभाविक होतं. सप्लाय दिल्यावर पुढचा अडसर: पुस्तकातला ७४१ हा ऑप-अँप पाच व्होल्टच्या एकेरी सप्लायवर नीट काम करत नाही, त्याचं आउटपुट दोन्ही टोकांच्या बरंच अलीकडे अडकतं. मग मुलांनी डेटाशीट, म्हणजे आयसीची माहितीपत्रकं, उघडली. मी सांगितलं म्हणून नव्हे, अडलं म्हणून. त्यातून एलएम३५८ निघाला, एकेरी सप्लायवर शून्याच्या जवळपास उतरणारा. पाच व्होल्टवर त्याचं आउटपुट वर साडेतीनच्या आसपास थांबतं हेही डेटाशीटमध्येच सापडलं आणि एका गटाने त्याप्रमाणे गेन कमी केला. मग सिम्युलेटरमध्ये परत जाऊन आदर्श चिन्हाऐवजी त्या आयसीचं मॉडेल घातलं, तेव्हा पडद्यावरचा आलेखही टेबलासारखा कापला गेला. सिम्युलेटर खोटं बोलत नव्हता, त्याला जेवढं सांगितलं होतं तेवढंच त्याला माहीत होतं. आजच्या बहुतेक सर्किट सिम्युलेटरांचं मूळ असलेला स्पाइस हा प्रोग्रॅम लॉरेन्स नेगल यांनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात घडवला, तो १९७३ मध्ये जाहीर झाला. त्याची सगळी ताकद मॉडेलमध्ये आहे, आणि मॉडेल निवडायचं ते माणसाने.

आता खोडरबराची गोष्ट. ही मी दरवर्षी नव्या बॅचला सांगायची टाळते, कारण ती त्यांची त्यांना सापडायला हवी.

एका गटाचं यंत्र सुरेख चाललं होतं. लॅपटॉपवर लाटा उमटत होत्या, खाली आकडा येत होता, मिनिटाला साठच्या आसपास. मुलं खूश. गटातल्या एका मुलीने स्वतःची नाडी मनगटावर मोजली, ती आली ऐंशीच्या वर. तिने बोट काढलं आणि चिमट्यात खोडरबर ठेवला. लाटा चालूच. आकडा तोच, साठ. "मॅडम, खोडरबरला पण नाडी आहे!"

मी उत्तर दिलं नाही. विचारलं एवढंच, की खोडरबरापर्यंत आणखी काय काय पोचतंय? मग सुरू झालं ते पाहण्यासारखं होतं. एकाने एलईडी बंद केला. लाटा तशाच. म्हणजे सिग्नल एलईडीचा नाही. दुसऱ्याने चिमट्यावर हाताची ओंजळ धरली, लाटा बारीक झाल्या. काळं कापड टाकलं, सपाट रेघ. सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या, छताकडे. ट्यूबलाइट.

पण ट्यूबलाइट तर सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते, कारण ५० हर्ट्झच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा प्रकाश वाढतो. (जिथे वीज ६० हर्ट्झची आहे तिथे १२० वेळा.) सेकंदाला १०० आणि मिनिटाला साठ, यांचा संबंध काय? तो शोधायला कोड उघडावा लागला. कोडमध्ये प्रत्येक रीडिंगनंतर १० मिलिसेकंद थांबायची सूचना होती, म्हणून मुलांनी सेकंदाला १०० रीडिंग धरली होती. पण रीडिंग घ्यायला आणि पाठवायलाही थोडा वेळ लागतोच. प्रत्यक्षात एका फेरीला १० मिलिसेकंदांहून जरासं जास्त, म्हणजे सेकंदाला ९९ च्या आसपास रीडिंग. प्रत्येक रीडिंग दिव्याच्या लुकलुकण्याला मागच्यापेक्षा किंचित पुढच्या क्षणी पकडतं, आणि एका सेकंदात एक संपूर्ण उजेड-अंधाराची फेरी पूर्ण होते. १०० वजा ९९, सेकंदाला एक. मिनिटाला साठ.

नमुने हळू घेतल्यामुळे वेगवान सिग्नल संथ भासतो, याला एलियासिंग म्हणतात, आणि ते मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवते. फळ्यावर दोन साइन वेव्ह काढायच्या, टिंबं द्यायची, नायक्विस्टचा नियम लिहायचा: सिग्नलमधल्या सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घ्या. मुलं उतरवून घेतात. त्या दुपारी तो नियम त्यांच्या खोडरबरातून बाहेर आला. त्यांनी नमुन्यांचा वेग वाढवून सेकंदाला ५०० केला, रीडिंग संगणकावर जुपिटर नोटबुकमध्ये घेतली, सिग्नलमध्ये कुठली वारंवारता किती आहे हे दाखवणारं फूरिए रूपांतर काढलं, आणि १०० हर्ट्झवरची उंच काठी पडद्यावर उभी राहिली. नाडीची काठी तिच्या डावीकडे, सव्वा-दीड हर्ट्झवर, आणि तिच्याहून कितीतरी बुटकी.

पुढचा वाद मला फार मोलाचा वाटतो. एक मुलगा म्हणाला, सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर लावू, वायरिंग कशाला? त्याला जुन्याच वेगाने घेतलेल्या रीडिंगवर फिल्टर लावून बघायला सांगितलं. खोडरबराची नाडी हलली नाही. कमी वेगाने नमुने घेतल्यावर दिव्याचा सिग्नल एक हर्ट्झचा होऊनच आत आलेला असतो. तो आणि खरी नाडी एकाच ठिकाणी बसतात आणि मग जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर त्यांना वेगळं करू शकत नाही. म्हणून कन्व्हर्टरच्या आधी, तारांच्या बाजूलाच अडवणं आलं. दहा किलोओहमचा रेझिस्टर आणि ३.३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, कट-ऑफ ४.८ हर्ट्झ, म्हणजे त्यावरच्या वारंवारता घटत जातात. एका टप्प्याने दिव्याचा सिग्नल सुमारे वीसपट घटतो, असे दोन टप्पे, एकाचा दुसऱ्यावर भार पडू नये म्हणून मधे बफर देऊन, लावले तर चारशेपट. हेच फिल्टर सत्राच्या सुरुवातीला सिम्युलेटरमध्ये होते आणि या गटाने ते काढून टाकले होते, कारण सिम्युलेशनमध्ये त्यांनी काही फरकच पडत नव्हता. पडणार कसा? सिम्युलेशनमध्ये ट्यूबलाइट नसते. त्यांच्या तफावतीच्या पानावर शेवटी लिहिलं होतं: 'आता सिम्युलेशनमध्ये १०० हर्ट्झचा एक करंट सोर्स खोलीच्या दिव्यासाठी घातला आहे.' मी ते वाक्य विभागाच्या बैठकीत वाचून दाखवलं.

सगळं असं आनंदाने चालत नव्हतं. सत्राच्या मध्यावर तक्रारी आल्या. 'शिकवत नाहीत, आम्हालाच शोधायला लावतात.' 'दोन तासांत एकच गोष्ट होते.' अभ्यासू मुलांकडून आल्या म्हणून त्या जास्त लागल्या. तेव्हा मला २०१९ चा एक अभ्यास आधाराला आला. हार्वर्डमध्ये लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी एकाच आशयाचे वर्ग दोन पद्धतींनी घेतले होते. ज्यांनी स्वतः प्रश्न सोडवत शिकलं ती मुलं चाचणीत पुढे होती, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं. छान रंगवलेलं व्याख्यान ऐकताना डोक्याला ओढ बसत नाही, म्हणून सगळं समजल्यासारखं वाटतं. हा निष्कर्ष मी मुलांपुढे ठेवला, आलेखासकट, आणि त्यावर त्यांना बोलू दिलं. तक्रारी थांबल्या असं नाही, पण त्यांचा सूर बदलला. वेळेची तक्रार खरीच होती, तिथे मी माघार घेऊन काही प्रयोग गाळले. व्याप्ती कमी झाली हे मान्य आहे, आणि तो सौदा मी पुन्हाही करीन.

चॅटबॉट आल्यापासून कोडचा प्रश्न वेगळा झाला. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी खुलं झालं आणि पुढच्या सत्रात नाडी मोजायचा आर्डुइनो कोड प्रत्येकाकडे तयार होता, बहुतेकांचा जवळजवळ सारखा. मी बंदी घातली नाही. अट एकच, तो कोड कुठल्या गृहीतकांवर उभा आहे ते लिहायचं. सेकंदाला किती रीडिंग? हे मोजलं की मानलं? सिग्नल कुठल्या पातळीच्या वर गेला म्हणजे ठोका? ती पातळी सगळ्या बोटांना चालते का? या प्रश्नांची उत्तरं टेबलावर मोजूनच द्यावी लागतात, कारण त्या खोलीत, त्या चिमट्यात, त्या बोटावर काय होतंय हे पडद्यापलीकडच्या कुणालाच दिसत नाही.

बोटांच्या प्रश्नाने तर आम्हाला अभ्यासक्रमाच्या बाहेरच नेलं. गटांनी आपापली यंत्रं एकमेकांवर चालवून पाहिली. थंड हातांवर सिग्नल पार मरायचा. गडद नेलपॉलिशवर घोळ व्हायचा. सावळ्या बोटांवर काही यंत्रांची ठरीव पातळी ओलांडलीच जायची नाही आणि नाडी शून्य दाखवायची. ज्या मुलाच्या बोटावर असं झालं त्याने सगळ्यांदेखत विचारलं, दवाखान्यातल्या यंत्रांचंही असंच होतं का?

दवाखान्यातल्या पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं. ते खरं तर हृदयातून किती रक्त बाहेर पडतं हे रंगद्रव्य टोचून, कानातून जाणाऱ्या प्रकाशाने मोजू पाहत होते, आणि नाडीच्या लाटा त्या मोजमापात अडथळा आणत होत्या. तो अडथळा घालवता घालवता त्यांच्या लक्षात आलं, की दोन रंगांच्या प्रकाशातल्या लाटांचं गुणोत्तर रक्तातला ऑक्सिजन सांगतं. आणि मुलाच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं होतं. डिसेंबर २०२० मध्ये मायकेल शोडिंग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून दाखवलं, की रक्तातला ऑक्सिजन धोकादायक पातळीला उतरलेला असूनही ऑक्सिमीटर तो ठीक दाखवतो असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत गोऱ्या रुग्णांच्या सुमारे तिप्पट वेळा घडलं. मी हे सांगितल्यावर गटांनी आपण होऊन ठरीव पातळी काढून टाकली आणि प्रत्येक बोटाच्या सिग्नलप्रमाणे पातळी आपोआप ठरेल असा बदल केला. त्यासाठी मी गुण ठेवलेले नव्हते.

परीक्षेची पद्धतही बदलावी लागली. चिठ्ठी उचला, प्रयोग करा, रीडिंग लिहा, हे या सगळ्यानंतर निरर्थक होतं. आता विद्यार्थ्याला त्याच्याच गटाचं यंत्र दिलं जातं, त्यात आमच्या लॅब असिस्टंटनी एक बिघाड करून ठेवलेला असतो. कधी ग्राउंडची तार सोडवलेली, कधी कपॅसिटर शंभरपट लहान, कधी कोडमधला नमुन्यांचा वेग बदललेला. बिघाड सापडला की काही गुण, आणि कुठल्या क्रमाने शोधला, कोणता पर्याय कशामुळे बाद केला, हे बोलून दाखवलं की जास्त. एकदा एका मुलाला बिघाड सापडलाच नाही, पण त्याने सप्लाय, अँप्लिफायर आणि फिल्टर एकेक करून मोजून निर्दोष ठरवले आणि 'आता उरला फक्त कोड' इथवर येऊन वेळ संपली. त्याला चांगले गुण दिले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हरकत घेतली, आम्ही बराच वेळ बोललो, शेवटी त्यांनी सही केली.

सध्या अडलंय ते प्रयोगशाळेच्या वेळेवर. खोडरबरासारखी गोष्ट वेळापत्रकातल्या दोन तासांत बसेलच असं नसतं, आणि संध्याकाळी प्रयोगशाळा उघडी ठेवायची तर तिथे माणूस हवा. लॅब असिस्टंटवर तो भार टाकणं मला योग्य वाटत नाही. वरच्या वर्गातल्या मुलांना मानधन देऊन बसवावं असा प्रस्ताव दिला आहे. तो मंजूर होईपर्यंत आठवड्यातून एक संध्याकाळ मी बसते.